माँटेसरीबाईंची शिस्त

माँटेसरी हा शब्द मराठीत आता विशेषनाम राहिलेला नाही. मुलगी माँटेसरीत जाते, असे आईबाप सहज म्हणून जातात आणि तालुक्याच्या गावीही एखाद्या वाड्याच्या पडवीवर किंवा बंगल्याच्या तळमजल्यावर ती पाटी लागलेली दिसते. पाटीखालून आत डोकावले तर जे दृश्य बहुधा दिसते ते मात्र चमत्कारिक असते. तीन-चार वर्षांची तीस-चाळीस मुले ओळीने बसलेली. हाताची घडी, तोंडावर बोट. मूल गप्प बसले म्हणजे त्याला शिस्त लागली, ही समजूत समाजात फार जुनी आहे. ज्या बाईंच्या नावाची ती पाटी, त्यांनी आयुष्यातील पंचेचाळीस वर्षे नेमकी हीच समजूत खोडून काढण्यात घालवली. हुकमाने निश्चल बसलेले मूल शिस्तीचे नसते, ते केवळ दडपलेले असते. जे स्वतः निवडलेले काम तडीस नेते आणि त्यासाठी स्वतःला आवरते तेच शिस्तीचे, असा त्यांचा सिद्धांत होता. तो पुस्तकांतून आलेला नव्हता.

मारिया माँटेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील आंकोना शहराजवळच्या किआराव्हाल्ले या लहानशा गावी झाला. वडील आलेस्सांद्रो सरकारी अर्थखात्यात नोकरीस, वृत्तीने जुन्या वळणाचे; आई रेनिल्दे वाचनाची आवड असलेली आणि मुलीच्या पाठीशी खंबीरपणे उभी राहणारी. वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब रोमला आले. त्या काळच्या मध्यमवर्गीय मुलीने फार तर शिक्षिका व्हावे, एवढीच समाजाची तयारी होती. आपण काहीही होऊ, पण शिक्षिका व्हावयाचे नाही, असे या मुलीने ठरवून टाकले होते, हा दैवाचा विनोदच म्हटला पाहिजे. तेराव्या वर्षी ती मुलांच्या तांत्रिक शाळेत दाखल झाली. प्रथम अभियांत्रिकीचा बेत होता. तो सोडून तिने वैद्यकाचा हट्ट धरला. स्त्रीने पुरुष विद्यार्थ्यांच्या देखत नग्न शवाचे विच्छेदन करणे असभ्य ठरत असल्याने हा अभ्यास तिला इतर विद्यार्थी निघून गेल्यावर, एकटीने करावा लागे. १८९६ साली रोम विद्यापीठाची वैद्यकीय पदवी तिने मिळवली. त्या इटलीतील पहिल्या स्त्री डॉक्टर होत, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते बरोबर नाही. पहिल्या थोडक्या स्त्रियांपैकी त्या एक होत्या. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या त्याला तेव्हा दहा वर्षे उलटली होती.

पदवीनंतर त्या रोमच्या मनोरुग्ण चिकित्सालयात काम करू लागल्या. मतिमंद मुलांना त्या काळी वेड्यांबरोबरच कोंडून ठेवीत. अशाच एका ठिकाणची हकीकत पुढे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. रिकाम्या खोलीत कोंडलेली मुले जेवण झाल्यावर जमिनीवर सांडलेले पावाचे कण वेचण्यासाठी झडप घालीत. देखरेखीची बाई त्यांच्या हावरेपणाबद्दल तिटकाऱ्याने बोलत होती. तरुण डॉक्टरच्या ध्यानात वेगळीच गोष्ट आली. खोलीत हाताने धरण्यासारखी, चाचपण्यासारखी दुसरी एकही वस्तू नव्हती. मुलांना भूक होती ती हातांना कामाची. या निरीक्षणाच्या धाग्याने त्या इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच वैद्यांच्या विस्मृतीत गेलेल्या ग्रंथांपर्यंत पोहोचल्या. इंद्रियांच्या आणि हातांच्या शिक्षणातून मतिमंद मुलांची बुद्धी जागवता येते, हे या दोघांनी दाखवून दिले होते. १९०० साली रोममध्ये अशा मुलांसाठी निघालेल्या संस्थेत बाईंनी त्यांच्या पद्धतीने साधने करवून घेतली आणि दोन वर्षे दिवसभर स्वतः शिकवले. त्यांतील काही मुले सर्वसाधारण मुलांच्या वाचन-लेखनाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. लोक चकित झाले. बाईंना प्रश्न पडला तो उलटा: धडधाकट मुलांना शाळेत असे काय केले जाते, की मतिमंदांनी त्यांची बरोबरी करावी?

याच संस्थेतील सहकारी डॉ. जुझेप्पे मोन्तेसानो यांच्यापासून त्यांना १८९८ च्या मार्चमध्ये मुलगा झाला होता. विवाह झाला नाही. मूल उघडपणे जवळ ठेवणे म्हणजे डॉक्टरकीवर आणि सार्वजनिक कार्यावर पाणी सोडणे. मारिओ रोमबाहेर खेड्यात एका कुटुंबात वाढू लागला. आई अधूनमधून येऊन जाई, पण आई म्हणून नव्हे. मोन्तेसानो यांनी पुढे दुसरीशी लग्न केले आणि १९०१ साली बाईंनी ती संस्था सोडली. जगाच्या मुलांना समजून घेणाऱ्या या स्त्रीने स्वतःच्या मुलाचे बालपण दुरून पाहिले. या विसंगतीवर त्यांच्या टीकाकारांनी पुष्कळ तोंडसुख घेतले आहे. अविवाहित मातेला त्या समाजाने कोणता दुसरा मार्ग मोकळा ठेवला होता, हे मात्र त्यांपैकी फारसे कोणी सांगत नाही.

यानंतर रोमच्या सान लोरेंझो वस्तीची हकीकत येते आणि तिच्यापाशी थोडे थांबणे अवश्य आहे. १८८० च्या सुमारास बांधकामाच्या सट्ट्यातून उभ्या राहिलेल्या आणि सट्टा कोसळल्यावर अर्धवट पडून राहिलेल्या या इमारतींत दरिद्री कुटुंबे दाटीवाटीने राहत. एका गृहबांधणी संस्थेने त्या विकत घेऊन दुरुस्त केल्या. आईबाप दिवसभर मजुरीला जात आणि मागे राहिलेली लहान मुले जिन्यांतून धुडगूस घालीत, नव्या भिंती खराब करीत. भिंतींचा रंग आणि गिलावा वाचावा म्हणून ही मुले एका खोलीत सांभाळण्याची व्यवस्था करावी, असे संस्थेने ठरवले. आधुनिक बालशिक्षणाचा प्रारंभ अशा व्यापारी हिशेबातून झाला! ६ जानेवारी १९०७ रोजी सुमारे पन्नास मुलांचे हे बालगृह उघडले. मुले घाबरट, रडवी, अंगावर धड कपडे नसलेली. सांभाळायला नेमलेली तरुणी अप्रशिक्षित होती. ही उणीव बाईंना पथ्यावरच पडली, कारण मोडण्याजोग्या जुन्या सवयी तिला नव्हत्या. शिकवण्याची घाई करू नकोस, साधने कशी वापरायची ते दाखव आणि मुले काय करतात ते मला सांग, एवढीच तिला सूचना होती.

साधने साधी होती. लाकडाच्या एका लांबट ठोकळ्यात दहा खाचा आणि त्यांत बसणारे, क्रमाने लहान होत जाणारे दहा दट्टे. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतच्या दहा घनांचा मनोरा. दट्टा चुकीच्या खाचेत गेला तर शेवटी एक दट्टा उरतो, त्याला जागा नसते. चूक दाखवायला बाईंची गरज नाही. वस्तूच ती दाखवते आणि मूल पुन्हा बसून ती निस्तरते. एके दिवशी तीन वर्षांची एक मुलगी हे दट्टे काढून पुन्हा बसवण्यात गढून गेलेली माँटेसरीबाईंना दिसली. त्यांनी इतर मुलांना तिच्याभोवती गाणी म्हणत फिरायला लावले; तिचे लक्ष हलले नाही. ती बसली होती ती खुर्ची तिच्यासकट उचलून टेबलावर ठेवली. तिने ठोकळा मांडीवर सावरला आणि काम पुढे चालू केले. बाई मोजीत होत्या. चव्वेचाळीस वेळा तिने ती क्रिया केली आणि मग आपण होऊन थांबली. झोपेतून ताजीतवानी होऊन उठावी तशी तिने समाधानाने इकडे तिकडे पाहिले. लहान मुलाचे चित्त क्षणभर ठरत नाही, हा वैद्यकातील आणि व्यवहारातील सिद्धांत त्या दिवशी मोडीत निघाला. चित्त ठरत नाही ते बहुधा दुसऱ्याने नेमून दिलेल्या गोष्टीवर, आणि तेही मध्येच सारखे कोणी हात घालीत असेल तर.

पुढे एकामागून एक गोष्टी उलगडत गेल्या. साधनांचे कपाट कुलपात असे. एकदा शिक्षिकेला यायला उशीर झाला, कपाट उघडे राहिले होते. येऊन पाहते तो मुलांनी आपापली साधने घेऊन काम सुरू केलेले. तिला ती चोरी वाटली. बाईंना कळले ते हे, की मुलांना निवड करता येते. तेव्हापासून कपाटे ठेंगणी आणि उघडी झाली. बक्षिसांचीही तीच गत. एका मुलाला शिक्षा म्हणून खोलीच्या मधोमध खुर्चीवर बसवले होते आणि त्याच्या छातीवर पदक होते. ते दुसऱ्याच मुलाला मिळालेले. कामाच्या गडबडीत अडचण नको म्हणून त्याने ते या रिकामटेकड्याला देऊन टाकले होते! पदके आणि शिक्षा दोन्ही हळूहळू बंद झाल्या.

प्रत्येक साधन खोलीत एकच असे. ही काटकसर नव्हती. हवे असलेले साधन दुसऱ्याच्या हातात असेल तर ते परत जागेवर येईपर्यंत थांबणे भाग पडे आणि त्या थांबण्यात कोणाच्या दटावणीचा भाग नसे. पेले काचेचे, ताटल्या चिनी मातीच्या. पडले की फुटणार, म्हणून हात आपोआप जपून चालत. शांततेचा खेळ याच ओघात जन्मला. एकदा बाई चार महिन्यांचे झोपलेले तान्हे मूल घेऊन वर्गात आल्या आणि इतके निश्चल व्हायला कोणाला जमेल, असे त्यांनी मुलांना थट्टेने विचारले. मुलांनी पाय जुळवले, श्वासही हलका केला. घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. मग दुसऱ्या खोलीतून एकेकाचे नाव कुजबुजत्या आवाजात पुकारले जाई आणि तो आवाज न करता उठून येई; शेवटच्या मुलाला सर्वांत जास्त वाट पाहावी लागे, आणि तो पाही. हाताची घडी तीच, गप्प बसणेही तेच; पण येथे आवरणारा आणि आवरला जाणारा एकच होता.

या अनुभवांतून आज्ञापालनाविषयी त्यांनी जे मांडले ते शिक्षकांनी आणि आईबापांनी विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. आज्ञापालनाच्या त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या. पहिल्या पायरीवर मूल कधी ऐकते, कधी ऐकत नाही. आपण याला हट्ट म्हणतो. वास्तविक काल जमलेली क्रिया आज जमेलच, एवढी त्याची शक्ती स्थिर झालेली नसते. दुसऱ्या पायरीवर ते केव्हाही ऐकू शकते. तिसऱ्या पायरीवर ज्याच्यावर विश्वास आहे त्याचे ऐकण्यात त्याला आनंद वाटतो. ज्याचा स्वतःच्या हातापायांवर अजून पुरता ताबा नाही, त्याने दुसऱ्याच्या हुकमासरशी तो ताबा दाखवावा ही अपेक्षाच तर्कदुष्ट होय. मुलाची इच्छाशक्ती मोडून त्याला आज्ञाधारक करू पाहणे म्हणजे ज्या फांदीवर आज्ञापालन उगवावयाचे तीच तोडणे. स्वातंत्र्याचा अर्थ मनमानी असा मात्र त्यांनी कधीच केला नाही. दुसऱ्याला त्रास देणारे, साधनाची नासधूस करणारे वर्तन त्या तत्काळ थांबवीत. त्यांच्याकडे मुलांना हवे ते करू देतात, हा प्रवाद ज्यांनी त्यांचा वर्ग पाहिला नाही त्यांनी पसरवला.

१९०९ साली त्यांचा पद्धतीवरील ग्रंथ निघाला आणि कीर्ती झपाट्याने पसरली. १९१३ अखेर त्या अमेरिकेत गेल्या तेव्हा न्यूयॉर्कच्या कार्नेगी सभागृहात जागा पुरली नाही. १९१५ च्या सान फ्रान्सिस्को प्रदर्शनात काचेच्या भिंतींचा वर्ग मांडला गेला. बाहेर प्रेक्षकांची झुंबड आणि आत मुले आपल्या कामात. पण १९१४ सालीच डय़ुई यांच्या परंपरेतील शिक्षणतज्ज्ञ किलपॅट्रिक यांनी या पद्धतीवर छोटे पण जहाल पुस्तक लिहिले. साधने ठरीव आहेत, कल्पनाशक्तीला वाव नाही, मुले एकेकटी काम करतात, असे त्यांचे आक्षेप. अमेरिकेतील लाट काही वर्षांत ओसरली. आक्षेपांत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. लुटुपुटूच्या खेळाला बाईंनी कमी लेखले, तर रशियातील मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांनी १९३३ साली नेमके उलट प्रतिपादन केले. शिपाई झालेले मूल पहारा सोडत नाही, कारण भूमिकेचा नियम ते स्वतःवर लादून घेते. म्हणजे खेळ हीच संयमाची शाळा. आज दोघांनाही काही अंशी मान्यता आहे. हेतू मनात धरून ठेवणे, मोह आवरणे, नियम बदलला की विचारही बदलणे या शक्ती मेंदूच्या कपाळामागील भागावर अवलंबून असतात आणि त्या भागाची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते, हे आता ज्ञात आहे. २००६ साली सायन्स या नियतकालिकात अमेरिकेतील मिलवॉकी शहराची एक पाहणी आली. सोडतीने माँटेसरी शाळेत प्रवेश मिळालेली पाच वर्षांची मुले, सोडतीत नाव न आलेल्या मुलांपेक्षा, बदलत्या नियमांनुसार पत्ते लावण्याच्या कसोटीत सरस ठरली. खाऊसाठी वाट पाहण्याच्या कसोटीत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. दट्ट्यांच्या पेटीतून सर्व सद्गुण निपजतात, असे मानणाऱ्यांनी हेही वाचावे.

बाईंचा स्वभाव सोपा नव्हता. शिक्षक तयार करण्याचा अधिकार त्यांनी दीर्घकाळ स्वतःच्या हाती ठेवला. साधनांत कोणी फेरफार केलेला त्यांना खपत नसे. मुलांना एवढे स्वातंत्र्य देणाऱ्या बाई शिष्यांना ते देण्यास कचरत. आणि मुसोलिनी प्रकरणी तर त्यांची मोठीच चूक झाली. १९२४ पासून त्या हुकूमशहाने त्यांच्या शाळांना आश्रय दिला. लहान वयात वाचू लागणारी, शिस्तशीर, टापटीप मुले पाहून त्याला हवे ते नागरिक येथे घडतील असे वाटले. बाईंना वाटले, सरकारी पैशाने आपली पद्धत देशभर जाईल. दोघेही शिस्त हा एकच शब्द वापरीत होते. दोन अर्थ समोरासमोर यायला दहा वर्षे लागली. वर्गात गणवेशधारी बालसैनिकांची संघटना शिरू लागली, शिक्षकांवर निष्ठेची सक्ती आली आणि १९३४ साली संबंध तुटले. इटलीतील त्यांच्या शाळा बंद झाल्या; जर्मनीत नाझी सत्तेनेही तेच केले. सान लोरेंझोत पदक आणि शिक्षा दोन्ही निरुपयोगी ठरलेली ज्यांनी पाहिली होती, त्यांना ही सत्ता कशावर उभी आहे हे आधी उमगावयास हवे होते. १९३६ च्या यादवीने त्यांना बार्सिलोनाही सोडावे लागले आणि त्या हॉलंडला आल्या.

भारताशी त्यांचा संबंध आला तो या निर्वासित अवस्थेत. १९३१ साली लंडनमध्ये गांधीजींची भेट झाली होती. १९३९ च्या अखेरीस थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मारिओंसह मद्रासला आल्या. अड्यारच्या झावळ्यांच्या मांडवात तीनशेवर शिक्षक जमले. बाई इटालियनमध्ये बोलत आणि मारिओ इंग्रजीत सांगत. आईच्या मृत्यूनंतर, म्हणजे मुलगा पंधरा वर्षांचा होता होता, बाईंनी त्याला जवळ आणले होते. पण जगापुढे तो भाचा किंवा दत्तक मुलगा म्हणूनच वावरे. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि इटालियन नागरिक शत्रू ठरले. सत्तरीच्या उंबरठ्यावरील बाईंना अड्यारच्या आवारात स्थानबद्ध करण्यात आले आणि मारिओंची रवानगी तेव्हाच्या अहमदनगरच्या छावणीत झाली. ३१ ऑगस्टला, बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी, व्हाइसरॉयची तार आली. वाढदिवसाची भेट म्हणून तुमचा मुलगा तुम्हांला परत देत आहोत, अशा आशयाची. बेचाळीस वर्षे जे नाते उघड बोलता आले नव्हते, ते सरकारी तारेने सर्वांदेखत उच्चारले.

युद्धामुळे भारतातील मुक्काम लांबला. कोडाईकनालच्या डोंगरात, अहमदाबादेत, कराचीत अभ्यासक्रम झाले आणि हजारावर भारतीय शिक्षक तयार झाले. कोडाईकनालला त्यांनी तान्ह्या मुलांपासून मोठ्या मुलांपर्यंत सर्वांचे निरीक्षण केले. अहमदाबादच्या व्याख्यानांतून बालमनाच्या ग्रहणशक्तीवरील त्यांचा ग्रंथ घडला. तो १९४९ साली अड्यारहून निघाला. भारतात त्यांचे विचार मात्र त्यांच्या आधीच पोहोचले होते. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० सालीच बालमंदिर काढले होते. बाई भारतात येण्यापूर्वी काही महिने, जून १९३९ मध्ये, गिजुभाई वारले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी ते कार्य महाराष्ट्रात आणले आणि १९४५ साली बोर्डीला, पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साथीने आदिवासी मुलांच्या बालवाड्या चालवल्या. बाईंची महागडी लाकडी साधने तेथे परवडणारी नव्हती. शिंपले, बिया, खडे, काटक्या यांची साधने झाली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात आणि गुरांमागे कुरणात गेली. साधनांतील असा फेरफार बाईंना रुचला असता की नाही, याची शंकाच आहे. परंतु स्वतःच्या हाताने मोजून, लावून, चुकून पुन्हा लावणारे मूल रोमइतकेच बोर्डीच्या अंगणातही आपल्या कामात गढलेले दिसले.

१९४९ साली बाई युरोपला कायमच्या परतल्या. १९४९, १९५० आणि १९५१ अशी सलग तीन वर्षे शांततेच्या नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचवले गेले. ते मिळाले नाही. ६ मे १९५२ रोजी हॉलंडच्या समुद्रकाठी नोर्डविक गावी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा अंत झाला आणि तेथेच त्यांचे दफन झाले. मृत्युपत्रात मारिओ यांचा उल्लेख मुलगा असाच होता. त्या दिवशी घरात आफ्रिकेचा विषय निघाला होता. तिकडच्या शिक्षकांसाठी अभ्यासक्रम घ्यावयाचा होता आणि या वयात एवढा प्रवास झेपेल की नाही, अशी काळजी मारिओ बोलून दाखवीत होते. बाई जाण्याच्या तयारीत होत्या.